अडीच फुटांचं नाणं

साहेबांनी एक प्रश्न विचारला होता. मी मिस्त्रींना दुसराच प्रश्न सांगितला. मिस्त्रींनी त्या दुसऱ्या प्रश्नाला जे उत्तर दिलं, ते उचलून मी साहेबांच्या प्रश्नाला चिकटवलं. दोन-तीन मिनिटांचं काम. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्या कपाटात त्या दिवसाची खूण आमच्या लग्नापासून पडून आहे.

आता सांगायला बसलोय तर जुन्या इंग्रजी नाण्यांपासून सुरुवात करावी लागेल. त्याला इलाज नाही.

नव्वदीच्या मध्यावर मी दुबईजवळ जबल अलीच्या फ्री झोनमध्ये एका गोदामात डॉक्युमेंटेशन क्लार्क होतो. बी.कॉम., डोंबिवलीचा, वय अठ्ठावीस. मिस्त्री त्याच कंपनीत क्रेट ठोकायचे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, राजापूरकडचे, पिढीजात सुतार. त्यांच्या घराण्यात देव्हारे व्हायचे, पाळणे व्हायचे, दारांच्या चौकटी व्हायच्या. इथे आठ वर्षं ते पाइनच्या फळ्यांना खिळे मारत होते. मशीन आत ठेवायचं, खोकं बंद करायचं, कंटेनरमध्ये चढवायचं. पलीकडच्या बंदरावर कुणीतरी ते पहारीने फोडणार. तरी मिस्त्री प्रत्येक फळीच्या कडेवर रंधा मारायचे. सुपरवायझर ओरडायचा, "यल्ला यल्ला, शादी का पलंग बनाता है क्या?" मिस्त्री हसून आणखी एक हात मारायचे.

राहायचा कॅम्प एकच, बस एकच. मी एसीत बसणारा म्हणून ते मला अहो-जाहो करायचे, ‘भाऊ’ म्हणायचे. ते वयाने मोठे म्हणून मीही अहो-जाहो. घरी पैसे पाठवायच्या ड्राफ्टचे त्यांचे फॉर्म मी भरून द्यायचो. "भाऊंना समदं कळतं," असं ते बसमध्ये चारचौघांत सांगायचे. मला ते आवडायचं. किती आवडायचं हे मला पुढे कळलं.

साहेब इंग्लंडच्या उत्तरेकडचे, गोदामाचे मॅनेजर, साठीला आलेले. त्या उन्हाळ्यात त्यांची आई वारली. ते जाऊन आले आणि येताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. डबा माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा टेबल वाजलं. आत नाणी. तांब्याची काळी पडलेली, चांदीच्या रंगाची, एक जाड पितळी बारा कोनांचं. आमच्या पिढीने न पाहिलेली. इंग्लंडमध्येही तो जुना हिशोब एकाहत्तर साली बंद झालेला.

"तू कॉमर्सचा माणूस," साहेब म्हणाले. "ह्याची यादी कर. प्रत्येक प्रकारची किती, आणि सगळ्यांची मिळून जुन्या हिशोबाने किंमत किती. माझ्या नातीला द्यायचीत. तिला वाटतं शंभर पेन्सचा पौंड अॅडम आणि ईव्हपासून आहे."

मग त्यांनी एका कागदावर मला कोष्टक लिहून दिलं. चार फार्दिंगची एक पेनी. बारा पेनींचा एक शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाच्या पेनी दोनशे चाळीस. मधे तीन पेनींचं थ्रिपनी, सहा पेनींचं सिक्सपेन्स, दोन शिलिंगांचं फ्लोरिन, पाच शिलिंगांचं क्राउन. हाफ क्राउन म्हणजे दोन शिलिंग सहा पेन्स. ते त्यांनी असं लिहिलं: आधी दोन, मग तिरकी रेघ, मग सहा.

हेड क्लार्कची जागा त्या वर्षी रिकामी होणार होती. साहेबांनी हा डबा नेमका माझ्याच टेबलावर ठेवला, याचा मी मला हवा तो अर्थ काढला. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून यादी केली, कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, स्वच्छ टाइप करून कागद नेऊन दिला.

साहेबांनी तो वाचला आणि हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हाफ क्राउन सात होती. मी दोन-तिरकी रेघ-सहा म्हणजे दोन पूर्णांक सहा समजून सातने गुणलं होतं: अठरा पूर्णांक दोन. पुढचं सगळं त्याच चालीने. पैशाला दशांश चिन्ह असतं यापलीकडे माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मी जन्मलो तेव्हा आपल्याकडे नवे पैसे येऊन दहा वर्षं झाली होती.

"टू अँड सिक्स," साहेब म्हणाले. "टू पॉइंट सिक्स नव्हे, माय फ्रेंड." माझं नाव त्यांना कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मी माय फ्रेंड. माणूस वाईट नव्हता. मला चहा मागवला. म्हणाले, आमच्याकडच्या तरुणांनाही हे जमत नाही. पण कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला, आणि मी समोर बसलेलो असताना म्हणाले, "चल, तुमच्या त्या कार्पेंटरकडे जाऊ. मला ह्यांना ठेवायला पेटी हवीय."

साहेबांना हिंदी येत नव्हती; यल्ला, खलास आणि जल्दी, एवढंच. मिस्त्रींना इंग्रजी म्हणजे फूट, इंच, बॉक्स, ओके. मग दुभाष्या मी.

पॅकिंगच्या शेडमध्ये मिस्त्री उकिडवे बसले होते. साहेबही खाली बसले, इस्त्रीच्या पँटमध्ये, भुशावर. प्रत्येक प्रकारचं एक, अशी नऊ नाणी त्यांनी एका फळीवर मांडली. मिस्त्रींनी एकेक उचलून अंगठ्याने पुसलं, पट्टी लावली, पेन्सिल कानामागून काढून फळीवर मापं लिहिली.

"आकाराने लावायची का किमतीने?" त्यांनी मला विचारलं. "ही तांब्याची मोठी आणि ही रुप्याची बारकी. आकाराने लावली तर मोठा कोण ते उलटंच दिसंल."

मी साहेबांना सांगितलं. साहेब माझ्याकडे न बघता मिस्त्रींकडे बघायला लागले. "किमतीने," म्हणाले. "त्याला कोष्टक समजावून सांग."

मला जे दोन दिवसांत समजलं नव्हतं ते मी समजावून सांगायचं होतं. मी खिशातून कागद काढला आणि वाचत गेलो. बारा पेनींचा शिलिंग. वीस शिलिंगांचा पौंड.

मिस्त्री म्हणाले, "म्हणजे पेनी इंच झाली आणि शिलिंग फूट."

मी पुढचं वाचायचा थांबलो.

"बारा इंचाचा फूट तशी बारा पेनीची शिलिंग. आणि वीस फुटांचा पौंड." त्यांनी शेडच्या बाहेर बोट केलं. बाहेर निळा वीस-फुटी कंटेनर उभा होता, दार उघडं. "तो पौंड."

मी हे इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी कंटेनरकडे पाहिलं, नाण्यांकडे पाहिलं, आणि मांडीवर थाप मारली.

मग ते दोघंच खेळायला लागले. मी फक्त शब्द इकडचे तिकडे करत होतो. साहेब फार्दिंग दाखवायचे, पेनीचा पाव हिस्सा. मिस्त्री म्हणायचे, पाव इंच, दोन सूत. इंचाचे आठ सूत असतात, हे सुताराला वेगळं शिकवावं लागत नाही. सिक्सपेन्स अर्धा फूट. फ्लोरिन दोन फूट. हाफ क्राउन अडीच फूट. साहेबांनी मुद्दाम विचारलं, "अशी सात असतील तर?" मिस्त्रींनी डोळे मिटले आणि ओठांत पुटपुटले, "सात अडीच साडेसतरा." डोळे उघडून म्हणाले, "साडेसतरा फूट. कंटेनरात अडीच फूट जागा उरंल. आणखी एक घाला, पुरा भरंल."

सतरा शिलिंग सहा पेन्स. बरोबर तेच. माझ्या टाइप केलेल्या कागदावर अठरा पूर्णांक दोन होतं आणि तो कागद साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होता.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं. साहेबांनी विचारायला सांगितलं नव्हतं.

"अडीचकी ओ, भाऊ. बाबा करवत ओढताना हे पाढे म्हणायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. करवतीला ताल लागतो. आणि त्यांच्या वेळचा आणा पण बारा पैंचाच होता की. तुमच्या आजोबांना ठाऊक असंल."

असेल. माझ्या आजोबांनी मला काही शिकवलं नाही, किंवा मी शिकलो नाही.

साहेबांनी शेवटी गिनी काढली. म्हणजे नाणं नव्हतं, नुसती गोष्ट. एकवीस शिलिंगांचा एक हिशोब असायचा, त्याला गिनी म्हणायचे. वकिलाला, डॉक्टरला, चित्रकाराला गिनीत पैसे द्यायचे. सुताराला, गवंड्याला पौंडात. मी हे सगळं सांगितलं, सुताराचं वाक्य जरा सावकाश. मिस्त्री विचारात पडले. "एकवीस म्हणजे कंटेनरचं दार लागणार नाय." मग चेहरा उजळला. "अहो, हे आपल्यासारखंच. आहेरात वीस कुठं देतो आपण? एकवीस देतो. वरचा एक मानाचा."

साहेबांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आयुष्यभर गिनी मोजली मी. वरचा एक कशासाठी, कुणी असं सांगितलं नव्हतं." आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्या खांद्यावर चार वर्षांत त्यांनी हात ठेवला नव्हता. हे मी तेव्हाच मोजलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये आमचा एक फोर्कलिफ्ट ड्रायव्हर, सांगलीकडचा, मागच्या सीटवरून म्हणाला, "काय क्लार्कसाहेब, आज मिस्त्रींचे पीए झालात म्हणे."

सगळे हसले. मिस्त्री वळून त्याला म्हणाले, "गप रे. भाऊंमुळे तर बोलणं झालं. मला काय येतंय?" त्यांनी माझी बाजू घेतली याचा मला जास्त राग आला.

पेटीला तीन आठवडे लागले. एका जुन्या मशीनच्या खोक्यातून निघालेलं सागवान त्यांनी बाजूला ठेवलेलं होतं, ते वापरलं. रोज सुट्टीच्या वेळात साहेब शेडमध्ये जायचे. आधी मला बोलवायचे, नंतर बोलवेनासे झाले. दोघांचं बोटांनी आणि पट्टीने भागत होतं. मी काचेतून बघायचो. साहेब ‘मिस्त्री’ म्हणायला शिकले होते, अगदी जोडाक्षरासकट. मी टेबलावर बसून बिल ऑफ लेडिंगचे तेच तेच कागद तपासायचो आणि मनात म्हणायचो, सातवी पास. सातवी पास माणूस. कोण काय शिकलंय, कुणाच्या आईने कुणाच्या फीसाठी काय विकलंय, हे सगळं मी त्या काचेपाशी उगाळायचो. मिस्त्रींनी मला कधी दुखावलं नव्हतं, त्यामुळे राग धरायला कारण सापडत नव्हतं. कारण नसलं की राग आटत नाही, हे मला तेव्हा समजलं.

गणपतीच्या पंधरा दिवस आधी, एका गुरुवारी दुपारी, मिस्त्री पेटी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये आले. मला बोलावणं आलं.

पेटी हातभर लांबही नव्हती. आत नऊ खळगे, पटाशीने कोरलेले, प्रत्येक नाणं हलक्या हाताने बसेल इतके बेताचे. तेवढंच असतं तर चांगली पेटी, इतकंच मी म्हटलं असतं. पण झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला फिकट लाकडाच्या नऊ पट्ट्या एकाखाली एक बसवलेल्या होत्या. पेनीची पट्टी एक सूत लांब. तिच्यावर अर्ध्या पेनीची अर्धा सूत, आणि फार्दिंगची पाव सूत, नखाच्या कडेएवढी. शिलिंगची बारा सूत, म्हणजे दीड इंच. हाफ क्राउनची पावणेचार इंच. क्राउनची साडेसात इंच, झाकणाच्या जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाचता न येणाऱ्या मुलालाही कळावं की कुठलं नाणं कितवं.

"नातीसाठी," मिस्त्री म्हणाले. "तिला कोष्टक नको."

साहेबांनी फार्दिंगच्या पट्टीवरून बोट फिरवलं. ती बोटाला लागतसुद्धा नव्हती. झाकण त्यांनी हळूच मिटलं. मग वळले आणि माझ्याशी बोलायला लागले, भरभर, ठरवून ठेवल्यासारखं.

त्यांचं म्हणणं असं. ते महिनाअखेर कायमचे जाणार होते. अबू धाबीत त्यांचा एक मित्र लाकूडकामाचं वर्कशॉप चालवत होता: जिने, दारं, कपाटं, बारीक काम. त्याच्याकडे येणारी बरीच ड्रॉइंग्ज अजून फूट-इंचात असत आणि ती नीट वाचणारा, बेंचावरच्या माणसांवर देखरेख करणारा कारागीर त्याला मिळत नव्हता. साहेब त्याच्याशी बोलले होते. अठराशे दिरहॅम, राहायला वेगळी खोली. कंपनी सोडायला जी एनओसी लागते ती साहेब स्वतः सही करून देणार होते, पण ती ते खुर्चीवर असेपर्यंतच. नवा मॅनेजर देणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "त्याला विचार," साहेब म्हणाले. "जाईल का? मला आजच कळलं पाहिजे."

दिरहॅमला साडेनऊ रुपये, अठराशे गुणिले साडेनऊ, सतरा हजार शंभर. मिस्त्रींना तेव्हा सातशे होते. मला चौदाशे.

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. लांबलचक इंग्रजीतून एक शब्द त्यांनी पकडला होता. "अबू धाबीचं काय म्हणाले, भाऊ?"

"तिकडे मित्राकडे जाणारेत," मी म्हटलं. आणि मग, अजिबात न अडखळता, "साहेब विचारतायत, अशा आणखी दोन पेट्या करून द्याल का?"

मी हे आधी ठरवलं नव्हतं. पण ठरवल्यासारखं बाहेर आलं.

मिस्त्रींचा चेहरा असा फुलला की मला खाली बघावं लागलं. "करू की. आनंदाने करू." मग हात हलवला. "पण आता नाय जमायचं म्हणावं. गणपतीला घरी चाललोय. आल्यावर बघू."

साहेबांनी तो हलणारा हात पाहिला. मी म्हणालो, "तो आभारी आहे, सर. पण आता नको म्हणतो. घरी जायचंय."

सगळे शब्द मिस्त्रींचेच होते. खोटं त्यात एकही नव्हतं. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "त्याला नीट समजलंय ना? पुन्हा एकदा विचार."

म्हणजे मला दुसरी संधी मिळाली होती. हे मी लपवणार नाही. मी मिस्त्रींकडे वळलो आणि विचारलं, "आत्ता खरंच नाही जमणार?"

"नाय ओ, भाऊ. तिकीट काढलंय. घरचा गणपती, मूर्तीचा पाट मीच करतो दर वर्षी." आणि त्यांनी मान हलवली, डावी-उजवी, हसत.

इंग्रजांना तेवढी मान कळते. "ठीक आहे," साहेब म्हणाले. "माणसाने घरी जावं." त्यांनी डब्यातून एक हाफ क्राउन काढून मिस्त्रींच्या हातात ठेवलं, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि मला म्हणाले, "थँक यू, माय फ्रेंड." जाताना मित्राचं आणि स्वतःचं असं दोन्ही पत्त्यांचं कार्ड त्यांनी मला दिलं. मिस्त्रीचं मन बदललं तर, म्हणाले.

मला यातून काय मिळालं? काही नाही. हेड क्लार्कची जागा एका पलक्कडच्या माणसाला गेली, आणि योग्य गेली. अबू धाबीत मला कुणी विचारत नव्हतं. माझा फायदा असता तर मी याला स्वार्थ म्हटलं असतं. तेवढ्याने थोडं हलकं वाटलं असतं.

मिस्त्री गावाला गेले. साहेब महिनाअखेर गेले. आणि गणपतीनंतर मिस्त्री परत आले ते गोणपाटात गुंडाळलेल्या दोन फळ्या घेऊन. फणसाचं लाकूड, पिवळंधमक, घरच्या माळ्यावर आठ-दहा वर्षं वाळवलेलं. सामानाच्या वजनात ते बसावं म्हणून बायकोने दिलेली कोकमं आणि आंबापोळी विमानतळावर भावाच्या हातात परत देऊन आले होते. विमानतळावरच्या शिपायाला हे लाकूड कशासाठी ते सांगता सांगता घाम फुटला म्हणे.

"साहेबांच्या दोन पेट्या," मला म्हणाले. "फणसात पट्ट्या शिसवीच्या घालू. उठून दिसतील."

"साहेब गेले, मिस्त्री. घाईत गेले."

ते खाटेवर बसले. गोणपाटाची गाठ सोडत होते, ती परत बांधली. "असू दे. माणूस जाणारच. पत्ता दिला असंल ना? करून पाठवू."

कार्ड माझ्या पाकिटात होतं. पाकीट मागच्या खिशात. "नाही दिला," मी म्हटलं.

त्यांनी त्या पेट्या केल्या. दोन वर्षं, शुक्रवारी-शुक्रवारी, कॅम्पच्या मागच्या भिंतीला सावली असायची तेवढा वेळ. कुणासाठी करता असं कुणी विचारलं तर म्हणायचे, साहेबांनी सांगितल्या होत्या. त्यातली एक त्यांनी मला लग्नात दिली. आहेराच्या पाकिटात एकशे एक दिरहॅम, आणि वर ही पेटी. बायकोला दाखवून म्हणाले, "वहिनी, भाऊंमुळे साहेबांपर्यंत माझं काम पोचलं. हे त्यांचंच आहे."

मी कंपनी बदलली, शारजात घर घेतलं, मुलगी झाली. मिस्त्री क्रेट ठोकत राहिले. डाव्या अंगठ्याचं नख एकदा गेलं ते नीट आलं नाही. मग प्लॅस्टिकची पॅलेट आली, मशीनने गुंडाळायचे कागद आले, आणि गेल्या वर्षी पॅकिंगचा विभागच बंद झाला. सगळ्यांना घरी पाठवलं. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. गाडीत ते माझ्या मुलीशी बोलत होते. ती मागे बसून इंग्रजीत उत्तरं देत होती आणि ते प्रत्येक उत्तराला "ओके, ओके" म्हणत होते. उतरताना खिशातून ते हाफ क्राउन काढून तिच्या हातात दिलं. "अडीच फूट," म्हणाले. ती म्हणाली, "इट्स नॉट इव्हन टू इंचेस." ते हसले.

मग बॅगा ट्रॉलीवर ठेवताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, इतकी वर्षं इथं काढली. पण ते तीन आठवडे साहेबांची पेटी करताना बरं वाटलं होतं. आपण सुतार आहोत असं वाटलं होतं. पुन्हा काय तसं काम मिळालं नाय."

मिळालं असतं. हे दोन शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मी म्हटलं, "पासपोर्ट हातातच ठेवा."

पेटीत आता बायकोच्या सुया-दोरे असतात. मध्यंतरी मुलीने ते सगळं काढून आत ते एकटं नाणं ठेवून पाहिलं. नऊ खळगे तपासून बरोबर आठव्यात बसवलं. मग झाकणातल्या पट्ट्यांवर शाळेची पट्टी लावत मला विचारलं, "बाबा, हू टॉट हिम ऑल दिस?" मी म्हटलं, त्यांच्या बाबांनी. "अँड हू वॉज द बॉक्स फॉर?" यावर मी टीव्हीचा आवाज वाढवला. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून माझ्याकडे पाहिलं.

या गणपतीला मी त्यांना फोन केला. त्यांनी गावात दुकान टाकलंय, शाळेचे बाक दुरुस्त करतात. माझ्या तब्येतीची चौकशी केली, मुलीची केली, मग पेटीची. "बिजागरी करकरत नाय ना? करकरली तर खोबरेल नको, मेण लावा." मी हो म्हटलं. कार्ड माझ्या समोर टेबलावर होतं. कोपरे गेलेत, पण दोन्ही पत्ते अजून वाचता येतात. बोलायचं म्हणूनच ते काढून ठेवलं होतं. एकोणीस दिरहॅमचं फोन-कार्ड संपेपर्यंत आम्ही पावसाबद्दल बोललो.

म्हणून आता लिहितोय. ही पानं त्यांच्या पत्त्यावर जातील की नाही, याची खात्री मी अजून देऊ शकत नाही. माझा आजवरचा इतिहास बघता कुणी धरूही नये. पण काय राहिलंय ते तरी स्पष्ट असावं.

मी मिस्त्रींना साहेबांचा प्रश्न देणं लागतो. अबू धाबीत लाकूडकामाच्या वर्कशॉपात माणसांवर देखरेख करायला तुम्ही जाल का, असा, पगाराच्या आकड्यासकट आणि वेगळ्या खोलीसकट. आणि हे सांगणं लागतो की तो त्यांना कधी विचारलाच गेला नाही, पेट्या कुणीच मागितल्या नव्हत्या, आणि हे दोन्ही मी केलं.